पूजेचा पेढा

माणसाचं मन विकत घेता येत नाही, असं शर्वाणी टिकेकर आपल्या नऊ लाख प्रेक्षकांना नेहमी सांगायची आणि पुरावा म्हणून मनगट दाखवायची. मनगटावर सरकारी खरेपट्टी होती. खोटं कौतुक केलं की पट्टी लाल व्हायची आणि व्हिडिओ जागच्या जागी बंद पडायचा. शर्वाणीचं पोट त्या पट्टीच्या हिरव्या रंगावर चालायचं.

मौजनगरीतल्या नव्या पाताळझोक्याच्या पूजेला मॅनेजर दाभाड्यांनी पाकीट पुढे केलं, ते तिने तिथल्या तिथे परत सारलं. पेढा मात्र घेतला. पूजेच्या पेढ्याला नाही कोण म्हणतं?

मग ती झोक्यात बसली, डोळे मिटून किंचाळली, चक्क रडली. "मंडळी, असा झोका जन्मात पाहिला नाही!" पट्टी हिरवीगार.

खाली उतरताच दाभाडे म्हणाले, "पेढा लागू पडला म्हणायचा!"

"म्हणजे?"

"थरार त्यातच घातलाय हो. आम्ही कुणाला खोटं बोलायला लावत नाही, मॅडम. खरंच आवडायला लावतो."

आजवर कुठेकुठे तीर्थप्रसाद घेतला, ते शर्वाणीला एकेक आठवू लागलं.

"मी पुन्हा बसणार," ती कशीबशी म्हणाली. "अंमल उतरल्यावर. मला खरंच काय वाटतं ते कळू दे."

दाभाड्यांनी मान खाजवली. "मग शुक्रवारी या."

झोक्याची मोटर गुरुवारी बसणार होती.