कमरेचा पट्टा

महिनोन्‌महिने डोंगर तुडवणाऱ्यांसाठी थोरली लेक घरच्या घरी पिसासारख्या हलक्या सॅक शिवायची. हलक्या म्हणजे किती, तर लोंबणारा दोरासुद्धा ती कात्रीने उडवायची. नोकरीतून सुटल्यावर बाबांनीही हौसेने एक शिवून घेतली होती. आज ती घेऊन ते तिसऱ्यांदा तिच्या मशीनसमोर येऊन टेकले.

"कमरेचा पट्टा परत ढिला झालाय गं. तुझा माल काही खरा नाही!"

"माल झकास आहे, गिऱ्हाईकच लबाड आहे." दिवसभर शिवून थोरलीचे खांदे भरून आले होते, तरी ती उठली आणि तिने पट्टा त्यांच्या कमरेभोवती धरून बघितला. आणखी चार बोटं आत घ्यावा लागणार होता.

"लांबचं चालणारे सगळेच वाळतात, तूच सांगतेस ना?" बाबा हसले. "आत घे आणि उरलेला कापून टाक. उगाच ओझं कशाला?"

थोरलीने कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली. उरलेला पट्टा तिने आत दुमडला आणि सहज उसवता येईल असा कच्चा टाका घालायला घेतला.

"अगं, कापत का नाहीस?"

"ते वाटेवर वाळतात, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही अजून घरातून निघालाही नाहीत. आधी डॉक्टरांना तपासून हो म्हणू द्या. अंग परत भरलं की निघायच्या दिवशी हा टाका मीच उसवीन."