रिकाम्या जागेतला कॅप्टन

ज्ञानाने घर उजळतं, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. बायको इंग्रजी शिकायला लागली आणि पंधरवड्यातच त्याने ते मत मागे घेतलं.

ती फोनवरच्या खेळातून शिकत होती. खेळ साधा. शाळेतल्या 'रिकाम्या जागा भरा'सारखा. एकाने इंग्रजी वाक्य लिहायचं, त्यातला एक शब्द गाळायचा. समोरच्याने तो भरायचा. वाक्य आलं की फोन टुणकन वाजायचा, शब्द बरोबर आला की गुण मिळायचा. समोरचा कोण, हे खेळ सांगत नसे. फक्त टोपणनाव दिसायचं. बायकोच्या समोरच्याचं टोपणनाव होतं कॅप्टन.

"कोण गं हा कॅप्टन?" त्याने जेवताना विचारलं.

"असेल कोणीतरी. इंग्रजी फार छान आहे."

"माझं काय वाईट आहे?"

"मी कुठे म्हटलं वाईट?" बायको म्हणाली आणि फोनकडे बघून हसली. त्याच्याकडे बघून ती असं हसली होती ते लग्नाच्या फोटोत, आणि तेही फोटोग्राफरने सांगितल्यावर.

"अहो, आईंना विचारा, अजून वाढू का?"

आई समोरच बसली होती. "तिला सांग, नको."

"नको म्हणते," चष्मेवाल्याने निरोप पोचवला.

आईचं लोखंडी कपाट सुनेने न विचारता भंगारात दिलं, त्या दिवशी आईने शपथ घेतली होती, की मरेपर्यंत हिच्यापुढे तोंड उघडणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर अनोळखी लोकांशी बोलून पगार घेतलेली बाई. आता घरातल्या माणसाशी फुकटही बोलायला तयार नव्हती. सूनही काही कमी नव्हती. तेव्हापासून निरोपांची ने-आण चष्मेवाल्याकडे आली. वरवर तो कुरकुरायचा, पण मनातून त्याला ते काम आवडायचं. दोघींचंही त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

आता एकीचं हलायला लागलं होतं.

दुसऱ्याचा फोन चाळणं वाईट, हे त्याला मान्य होतं. म्हणून बायको आंघोळीला गेल्यावर त्याने तो घाईघाईने चाळला. कॅप्टनचं वाक्य मराठीत असं होतं: 'कालचा तुझा चहा अगदी ____ झाला होता.' बायकोने भरलं होतं, 'फक्कड'. त्याखाली बायकोचं वाक्य: 'तो दुकानात गेला की घर ____ वाटतं.' कॅप्टनने भरलं होतं, 'मोठं'. गुण मिळाला होता.

चष्मेवाला पलंगावर बसला. फोनमधून चहा पिता येत नाही, एवढं विज्ञान त्यालाही कळत होतं.

तो आईच्या खोलीत गेला. आई गोळ्यांचं पाकीट डोळ्यांपुढे धरून वाचत होती. बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून तिने मागे लागून त्याच्याकडून नवा चष्मा करून घेतला होता.

"आई, दुपारी घरी कोणी येतं का गं?"

"कोण येणार?"

"एखादा माणूस. चहाबिहाला."

"मी काय वॉचमन आहे? दुपारची मी माझ्या खोलीत पडलेली असते."

सुनेला चार शब्द सुनावायची आयती संधी आईने वाया घालवली. चष्मेवाल्याला वाईट वाटलं. म्हातारी थकली. नाकाखाली काय चाललंय ते तिला दिसत नाही. काचांचा नंबर पुन्हा तपासायला हवा.

दुसऱ्या दिवशी बायको पुन्हा आंघोळीला गेली, आई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. चष्मेवाल्याने शब्दकोश उघडला आणि बायकोच्या फोनवरून कॅप्टनला इंग्रजीत खडसावलं: 'पुन्हा या घरात दिसलास, तर तुझे ____ मोडीन.'

उत्तर यायला वेळ लागला नाही. 'पाय.' आणि खाली शेरा: 'वाक्यरचना सुधारते आहे.'

त्याने सगळं पुसून टाकलं. कॅप्टनला मिळालेला गुण काही पुसता येईना.

संध्याकाळी आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. "फरशी गार लागते," ती म्हणाली. चष्मेवाल्याने कॅप्टनच्याच विचारात स्वतःची शाल आणून तिच्या पायांवर टाकली. आपलं म्हणावं असं एकच माणूस या घरात उरलंय, असं त्याला वाटलं.

अखेर एका दुपारी एका गिऱ्हाइकाला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायला बसवून तो मागच्या दाराने निघाला. हातात चष्म्याचे स्क्रू पिळायचा पेचकस होता. दुकानात दुसरं हत्यार नव्हतं.

दार त्याने आवाज न करता उघडलं, बूट काढून हातात घेतले. स्वयंपाकघरात बायको एकटीच फोन घेऊन बसली होती. ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले. तिने काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि हसू आवरायला तोंडावर हात धरला.

टुणकन आवाज झाला. भिंतीपलीकडून. आईच्या खोलीतून.

मेला तिथे लपलाय, आणि आत म्हातारी एकटी झोपलेली. त्याने बूट टाकले, पेचकस उगारला आणि दार ढकललं.

पलंगावर आई उशीला टेकून बसली होती. नवा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात त्याचा जुना फोन, जो त्याने तिला वेळ बघायला म्हणून दिला होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

आईने शब्द भरून पाठवला. मग पेचकसाकडे पाहिलं आणि पाय शालीखाली ओढून घेतले.

"तिला सांग, चहा ठेव म्हणावं," ती म्हणाली. "पाय चहा झाल्यावर मोड."