फोटोखालचे शब्द

"सही करीन की. पर आदी वाच. माझ्या फोटोखाली काय काय लिवलंयस?"

झुंबरबाईंनी पेन हातात घेतलं, पण टोपण काढलं नाही. ऋतुराजला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. तो कोल्हापुरातून शिरोळला आला होता तो एका सहीसाठी. काढलेले फोटो तो एका साइटवर ठेवायचा. जगात कुणालाही, कशालाही फोटो लागला की त्यानं तिथून विकत घ्यायचा आणि त्यातला वाटा ऋतुराजला मिळायचा, असा तो धंदा. रंकाळ्याचा सूर्यास्त, पन्हाळ्यावरचं धुकं, मिसळीचा लालभडक कट, सगळं ठेवून झालं होतं. पण रंकाळा हजार जणांनी ठेवलेला, ह्याचाच कोण घेणार? दिवाळीपर्यंत एकही फोटो खपला नाही तर उचगावला मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

आणि आठ दिवसांपूर्वी इथल्याच शिवारात त्याला हा फोटो गावला. कोरड्या रानाच्या बांधावर उकिडवी बसलेली म्हातारी, कपाळावर आडवा हात, डोळे लांब कुठंतरी लागलेले. हा खपणार, याची त्याला खात्री होती. फक्त फोटोत चेहरा दिसत असेल तर त्या माणसाची सही लागायची. त्याशिवाय साइट फोटो घेत नसे.

"नुसते शब्द आहेत, मावशी. गिऱ्हाईक शब्द टाकून फोटो शोधतं. शब्द जुळला की फोटो त्याच्यासमोर येतो. इंग्रजीत लिहिलेत."

"मग मराठीत सांग."

ऋतुराजनं मोबाइलवरची शब्दांची यादी उघडली. "म्हातारी."

"व्हय, हाय."

"गरीब."

झुंबरबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अकरा एकर रान हाय माझं. दारात टॅक्टर उभा हाय. येताना दिसला न्हाय व्हय?"

दिसला होता. त्याच्याच सावलीत त्यानं मोटरसायकल लावली होती. त्यानं 'गरीब' खोडलं.

"दुष्काळ."

झुंबरबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या, की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. "दुष्काळ? अरं, कृष्णामाई चुलीपातूर येऊन जाती माझ्या!"

"वाट बघणारी," ऋतुराजचा आवाज आता खाली आला होता.

"कुणाची? आमचा डायवर सिद्धाप्पा सऱ्या सोडत हुता, सरी वाकडी चाललीती. तिच्यावर ध्यान हुतं माझं. तुझा फोटो झाला आन मी त्याला शिव्या घातल्या. ऐकू आल्या न्हाईत?"

आल्या होत्या. पण तोवर कॅमेरा पिशवीत गेला होता, आणि त्या कुणाला, कशासाठी, हे विचारायचं त्याला सुचलंही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. गरिबी खपते, असं त्याला धंद्यातल्या प्रत्येकानं सांगितलं होतं, आणि इथं एकेक खपणारा शब्द उडत चालला होता. पण पेन झुंबरबाईंच्या हातात होतं.

"आता मी सांगतीया ते लिव. मालकीण. नजर ठेवणारी. चूक काढणारी. कुणाच्या बापाचं न ऐकणारी."

शेवटच्याला इंग्रजीत काय म्हणावं, यावर ऋतुराजची पाच मिनिटं गेली. हे शब्द टाकून लुगड्यातली म्हातारी कोण शोधणार? मनातल्या मनात तो टाइल्सच्या दुकानात जाऊन बसलासुद्धा.

एक शब्द उरला होता. वाचावा की गुपचूप खोडावा, त्याला कळेना.

"एकटी," तो म्हणाला आणि घाईघाईनं पुढं म्हणाला, "हा खोडतोच मी."

झुंबरबाईंनी पेनचं टोपण काढलं.

"मालक जाऊन नऊ वर्सं झाली. लेक नेसरीला दिलीया. असू दे त्यो. खोटा न्हाय."

आणि त्यांनी मोठ्या अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं.

दिवाळीला चार दिवस असताना फोटो खपला. एकच, पण खपला, आणि ठरल्याप्रमाणे दुकान टळलं. आईनं देवापुढं साखर ठेवली. ऋतुराज मात्र मोबाइलमधून डोकं काढेना. गिऱ्हाइकानं काय शोधलं, ते साइट विक्रीखाली दाखवायची. तिथं दोनच शब्द होते, शेजारीशेजारी. मालकीण. एकटी.

कोण असेल? कुणाच्या तरी जाहिरातीला फोटो हवा असेल, हे त्याला कळत होतं. पण हेच दोन शब्द जोडीनं टाकावेत असं कुणाला वाटलं असेल? त्याला काही केल्या चैन पडेना. सकाळी उठून त्यानं शिरोळचा रस्ता धरला.

झुंबरबाई बांधावर बसल्या होत्या. सिद्धाप्पा दुसऱ्या तुकड्यात सऱ्या सोडत होता. ऋतुराजनं सगळं सांगितलं. त्यांनी ते दोन शब्द त्याला पुन्हा म्हणायला लावले.

"कोण हाय ती?"

"बाईच असेल असं नाही, मावशी. नाव कळत नाही. नुसता देश कळतो. नॉर्वे. लई लांब आहे, बर्फाचा मुलूख."

"बाईच हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "आन मी कुठली, कोण, ते तिला कळतं?"

"नाही."

झुंबरबाईंनी कपाळावर आडवा हात धरला आणि लांब बघत राहिल्या. सिद्धाप्पाची सरी आज सरळ चालली होती.

"मग फोटोखाली माझा फोन नंबर घाल," त्या म्हणाल्या.