तीन दिवस आधीची सूट

“तीन दिवस आधी काम दिलंत तर शेकडा चाळीस सूट. ऐनवेळी आलात तर पूर्ण भाव. आणि यात घासाघीस चालणार नाही.”

लुर्देसनं सगळ्या एजंटांना एकदाच सांगून टाकलं. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, बाजारामागच्या तिच्या दुकानात फ्लेक्स छापायचं एकच यंत्र होतं आणि या लोकांनी त्याचा जीव काढला होता. बाहेरून काम उचलायचं, तिच्याकडून घाऊक भावात छापून घ्यायचं आणि मधला नफा खिशात घालायचा. शिवाय प्रत्येकाला फ्लेक्स हवा तो आज दुपारीच. गेल्याच महिन्यात यंत्र जळालं होतं. आणखी एकदा जळालं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

नेनिता वाढदिवसांची, शाळांची, जत्रांची कामं आणायची. तिनं लगेच मान डोलावली. “मला काय! जत्रा वर्षभर आधी कळते.”

बोनीला मात्र हसू आवरेना. तो फक्त मयताचे फ्लेक्स आणायचा. फोटो, नाव, दोन तारखा. फ्लेक्स घेऊन जो रडणाऱ्या घरी पहिला पोचतो, त्यालाच शवपेटीचं आणि पुढचं सगळं काम मिळतं.

“मानांग, माझी गिऱ्हाइकं तीन दिवस आधी कशी सांगणार? ‘शनिवारी निघतोय, फ्लेक्स टाकून ठेवा’ असं?” मानांग म्हणजे ताई; तिला सगळे तसंच म्हणत.

“ते तुझं तू बघ.”

“निदान वीस तरी सोडा हो. बाकीचे माझ्या आधी पोचतात. पोरीची फी भरायचीय.”

“एकाला सोडलं की सगळे रांग लावतील. नाही म्हणजे नाही, तोतो,” धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली.

तो गेल्यावर तिला चुटपूट लागली. माणूस गोड होता. येताना गरम पाव आणायचा, तिच्या गुडघ्याची चौकशी करायचा. पण नियम तो नियम.

त्या वर्षी शहरात मोटारसायकलवरून माणसं यायची, कुणाला तरी गोळ्या घालायची आणि निघून जायची. मेलेला नशेची पावडर विकायचा किंवा ओढायचा, एवढंच नंतर कानावर यायचं. त्यापुढे कुणी विचारत नसे.

लुर्देसला विचारायची हिंमतच नव्हती. तिचा धाकटा भाऊ पिदोय कधीकाळी त्याच नादाला लागला होता. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. तिनंच झोडपून, कोंडून, पुढ्यात बसून जेवू घालून त्याला त्यातून बाहेर काढलं. आता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहून फ्रिज दुरुस्त करायचा. दुकान बंद असे त्या रविवारीच तो यायचा. त्याच्या जुन्या लफड्यांचा वास एजंटांना लागू नये, म्हणून तिनं त्याची कुणाशी ओळखही करून दिली नव्हती.

“अंधार पडला की मी घराबाहेरच पडत नाही, मानांग,” तो म्हणायचा.

“तू सुधारलास ना? मग तुझ्याकडे कोण कशाला बघतंय?”

थोड्या दिवसांनी बोनी परत आला. या वेळी हसत नव्हता.

“हे घ्या काम. शनिवारी नेतो. चाळीस टक्के धरा.”

“कोण गेलं?”

“अजून नाही गेला.” त्यानं मान खाली घातली. “सरकारी दवाखान्यात ओळख काढलीय. डॉक्टरांनी हात टेकले की मला कळतं. मरणाची तारीख कोरी सोडा, मी मार्करनं घालीन.”

“जित्या माणसाचा फ्लेक्स?”

“न्यायचं काम देवाचं. आपण नुसतं तयार राहायचं. आणि नियम तुमचाच आहे की.”

फोटोतला माणूस ऐन तिशीतला, रस्त्याकडेला उभा राहून सिगारेट पेटवत होता.

“हा आजारी?”

“खाटेवरचा फोटो कुणी लावतं का, मानांग? जुना आहे. घरच्यांनी दिलाय.”

तेही खरंच होतं. तिनं मागचा रस्ता पुसला, तिथे ढग टाकले, एका कोपऱ्यात कबुतर बसवलं आणि सूट दिली.

मग बोनीची कामं वाढतच गेली. एकही फ्लेक्स पडून राहिला नाही. मयताची कामं तो एकटाच ओढू लागला. त्याच पैशांतून लुर्देसच्या यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च निघाला. पाव मात्र तो आणेनासा झाला. गुडघ्याचंही विचारेना.

“बोनीचे पेशंट सगळे बाप्येच कसे गं?” एकदा नेनितानं विचारलं.

“बायकांना मरायला फुरसत कुठंय?” लुर्देस म्हणाली आणि दोघी हसल्या.

पुढच्या रविवारी दुपारी पिदोय बाचोय घेऊन आला. गरम रस्सा, नूडल्स, वर तळलेला लसूण. तिला आवडतं म्हणून तो वाट वाकडी करून आणायचा. नवं काम लागलं होतं, एका मोठ्या हॉटेलचे फ्रिज. आतल्या खोलीत वाडगे मांडता मांडता तो शीळ घालत होता. किती तरी दिवसांनी तिनं ती ऐकली.

तेवढ्यात फोन वाजला. बोनीचं काम होतं.

“मानांग, ये ना, गार होतंय.”

“एवढं एक लावून ठेवते आणि आलेच.”

तिनं संगणक सुरू केला आणि बोनीचा निरोप वाचला. ‘फोटो पाठवलाय, नाव मागाहून कळवतो. मरणाची तारीख नेहमीसारखी कोरी. घाई नाही, गुरुवारी चालेल.’ मग मागचा रस्ता पुसायचा म्हणून तिनं फोटो मोठा केला.

तो रस्त्याच्या पलीकडून काढला होता. हेल्मेट काखेत धरून, कुणाशी तरी हसत बोलणारा फोटोतला माणूस या क्षणी आतल्या टेबलाशी, नूडल्सचे दोन वाडगे झाकून तिची वाट बघत बसला होता.