हणमंतरावांचं बाळंतपण

"‘हॉस्पिटलनं कोणतीही चूक केलेली नाही’, या वाक्याखाली तेवढी सही करा," घरी आलेला हॉस्पिटलचा वकील आर्जवानं म्हणाला.

निवृत्त फौजदार हणमंतरावांनी झुपकेदार मिशीवरून हात फिरवला. चार महिन्यांपूर्वी ते त्याच हॉस्पिटलात तापानं पडून होते आणि हॉस्पिटलनं विम्याचे पैसे उकळले होते त्यांच्या सिझेरियनचे! आता हर्नियाचं ऑपरेशन आलं, तर वर्षाचा विमा बाळंतपणातच संपलेला. मग काय, गेले तडक कोर्टात.

"मागाल ते देतो, साहेब, पण तडजोड करा. खटला उभा राहायला नको."

"एवढे घाबरता कशाला?"

"तुम्हाला कोर्टात बघून बाळंत झालेले बाकीचे बाप्येही जागे होतील हो," वकील बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

हर्निया ठणकत होता. हणमंतरावांनी पेन उघडलं.

तोच आतून पदर खोचत बायको आली. "म्हणजे चूक नाहीच ना झाली?"

"छे छे, काकू!"

"चाळीस वर्षं या घरात पाळणा हलला नाही," ती म्हणाली. "आणा मग आमचं बाळ. आणि गल्लीत पेढे वाटू की बर्फी, तेवढं आधी सांगा."