अंगाईची मालकी

नोटिशीचं पहिलंच पान वाचलं आणि ती मिटून ठेवली. अनाथालयात तीस वर्षं मुलांना निजवताना जी अंगाई मी गायले, ती सुनेने हौसेने मोबाइलवर टाकली होती. आता कुणी बाई म्हणत होती, ती चोरीची आहे, काढून टाका, नाहीतर कोर्टात या.

सगळ्या जन्मात कुणाच्या काडीला हात लावला नाही, आणि या वयात चोर! दोन दिवस जपाला बसले की माळ हातातून सुटायची.

वकील मात्र माझी जुनी वही पाहून हसले. "काकू, शब्द तुमचे, अक्षर तुमचं, खाली तारीख. ज्याने रचलं त्याचाच हक्क, नोंदणी नसली तरी. ही वही दाखवली की त्या बाई गप्प!"

"बघा आई, उगाच जीव टांगणीला लावून घेतलात," सून म्हणाली.

"पण ती गाणं कुणाचं म्हणतेय?" मी विचारलं.

वकिलांनी नोटिशीचं मागचं पान उलटून वाचलं. "'मी चार वर्षांची असताना मला अनाथालयातून दत्तक घेतलं. जन्म देणाऱ्या आईचा चेहरा मला आठवत नाही. तिची ही अंगाई तेवढी आठवते.'"

मी घाईघाईने वही मिटून पिशवीत घातली.



"साहेब, उत्तर लिहा. अंगाई तिच्या आईचीच आहे. मी चोरली."