दुधाची किटली

२०१९ साली माझ्या मुलानं, कैलासनं, आम्हा नवरा-बायकोला आंदर मावळातल्या गावातून लोणावळ्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. रोज कोसभर चालून डेअरीवर दूध घालणारे त्याचे आबा खुर्चीत बसून राहिले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तशी कैलासनं जागच्या जागी फिरणारी सायकल आणली.

"ही कुटं जाती?"

"कुठंच नाही आबा, व्यायाम आहे."

"मग तूच जाऊन ये."

मी हँडलला त्यांची जुनी किटली अडकवली. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे तासभर पायडल मारत आणि उतरताना म्हणत, "घातलं दूध."

दिवाळीच्या साफसफाईत कैलासनं ती चेपलेली किटली भंगारात दिली. आबा पुन्हा सायकलवर बसले नाहीत. माघात गेले. सायकलवर आता कैलासचे टॉवेल वाळतात. डॉक्टर मला रोज चालायला सांगतात. कुठं, ते सांगत नाहीत.